सळया सोडलेला कॉम्प्युटर

आमच्याकडं कुणाचंच घर पुरं झालेलं नसतं. रहिमतपुरात शिरताना बघा. घराला रंग असतो, दारात तुळस असते, खिडक्यांच्या ग्रीलला कमळं असतात आणि वर गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळया आभाळाकडं डोकं काढून उभ्या असतात. पुण्याचा माझा मावसभाऊ दर वेळी हसतो आणि मी दर वेळी चिडते. त्याला वाटतं पैसे संपले. अरे, पोरगा सैन्यातून सुट्टीवर येईल, लग्न ठरेल, वरचा मजला चढेल, तेव्हा खांब याच सळयांना जोडून वर न्यायचा असतो. सळई कापली की घर तिथंच संपलं. आज झेपेल तेवढं बांधायचं आणि उद्यासाठी टोक मोकळं ठेवायचं, ही आमच्याकडची अक्कल आहे. मी कॉम्प्युटर घेतला तो याच अकलेनं, आणि त्यापायी मला जेवढं ऐकून घ्यावं लागलं तेवढं नवी नवरी असतानाही ऐकलं नव्हतं.

लग्नाआधीपासून मी साताऱ्यात एका दुकानात फ्लेक्सची डिझाइनं करत होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेचे बोर्ड, दुकानांची उद्घाटनं. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या नावानं काम करायचं, आणि ते चांगलं झालं की मालकानं शाबासकी घ्यायची. चाळिशी आली तशी मला या सगळ्याचा वीट आला. आमच्या घराची पुढची खोली रस्त्याला लागून होती. तिथंच स्वतःचं दुकान टाकायचं मी ठरवलं.

नवरा कारखान्यावर असतो. तो म्हणाला, "तुझं तू बघ." म्हणजे हो. पण खोली सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांकडं एक मोबाइल दुरुस्तीवाला त्या खोलीसाठी कधीपासून खेटे घालत होता, आणि तो यायचा तो पेढ्याचा पुडा घेऊनच. त्यांनी मला जोत्यावर बसवून सरळ सांगितलं, "गुढीपाडव्यापातूर बघ करून. चाललं तर चाललं. न्हाईतर खोली भाड्यानं जाणार. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत," मी म्हटलं. मनात म्हटलं, बघाच तुम्ही.

आता कॉम्प्युटर. साताऱ्यातल्या दुकानदारानं मला एक देखणा, आरशासारखा पातळ कॉम्प्युटर दाखवला. सगळं एकाच काचेमागं. आठ जीबी रॅम, तीही आतच चिकटवलेली. मी विचारलं, "नंतर वाढवायची झाली तर?" तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या कामाला आठ लय झालं. वाढवायची गरजच पडणार नाही." कुणी असं बोललं की मला सळया कापलेलं घर दिसायला लागतं.

तिथूनच मी धाकट्या दिराला फोन लावला. तो सैन्यात सिग्नलमध्ये आहे, त्यामुळे वायर असलेल्या कुठल्याही वस्तूवर शेवटचा शब्द त्याचा असतो. तो म्हणाला, "वहिनी, एकदम चौसष्ट घ्या. चारी स्लॉट भरून टाका. अर्ध्या दारूगोळ्यावर कुणी आघाडीवर जातं का?"

म्हणजे एक म्हणतो वाढवायचीच नाही आणि दुसरा म्हणतो आजच चार मजले बांध. मी दोघांचंही ऐकलं नाही. चार स्लॉटचा मोठा डबा घेतला, त्यात सोळा जीबीची एकच पट्टी बसवायला लावली, आणि तीन स्लॉट मोकळे सोडले. उरलेली ताकद घातली स्क्रीनमध्ये, रंग खरा दाखवणारा घेतला. फ्लेक्सच्या धंद्यात रंग म्हणजे अब्रू. आमच्याकडं माणसाला थोडा गोरा केला तर तो खूश होतो; पण त्याच्या भावाला त्याच्यापेक्षा गोरा केला तर दुकानावर भांडण येतं.

दीर रुसला. दुकानदारानं मान हलवली. घरी डबा उघडून बघताना आत्यांनी त्या रिकाम्या खाचा पाहिल्या आणि म्हणाल्या, "आगं, हे तर अर्धंच दिलंय की तुला! फसवलं."

"फसवलं न्हाई, आत्या. सळया सोडल्यात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी जेवणात मीठ विसरल्यावर बघतात.

दुकान चालू झालं. दिवाळी गेली, लग्नसराई आली. दहा-वीस चेहऱ्यांचे फ्लेक्स सोळा जीबीत आरामात व्हायचे. मोबाइलवाला एकदा येऊन पेढे ठेवून गेला आणि जाताना खोलीची लांबी पावलांनी मोजून गेला. माझं डोकं सणकलं, पण मी गिऱ्हाइकाच्या टोपीची सावली नीट करत बसले.

आणि मग सव्वीस जानेवारीचं काम आलं, तेही आत्यांच्या माहेराहून.

त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. आजा, बाप, नातू, सगळे. झेंडावंदनाला दर वर्षी शाळेच्या मैदानावर गावातल्या सगळ्या फौजींचा मोठा फ्लेक्स लागतो. आदल्या वर्षीचा दुसरीकडून करून घेतला होता, आणि त्या करणाऱ्यानं गावाची नाडी न ओळखता सगळे फोटो हुद्द्याप्रमाणं लावले. सुभेदार वर, हवालदार मधे, शिपाई खाली. फौजेत हे बरोबर. पण गावात झालं असं, की बाप शिपाई म्हणून निवृत्त आणि पोरगा सुभेदार. म्हणजे पोराचं तोंड बापाच्या डोक्यावर! दोन म्हातारे तो फ्लेक्स बघून, झेंड्याला सलाम करून, चहा न घेता माघारी गेले. वर्षभर गावात त्याचीच चर्चा.

यंदा काम माझ्याकडं आणणारे होते आत्यांचे थोरले भाऊ, निवृत्त सुभेदार. आम्ही त्यांना मामा म्हणतो. बरोबर गावातले दोन जाणते होते. एक म्हणजे हुद्दा सोडायला तयार नसलेले निवृत्त कॅप्टन आणि दुसरे, गेल्या वर्षी चहा न घेता गेलेल्यांपैकी एक, निवृत्त नाईक. वय ऐंशीच्या पुढं, आवाज अजून परेड ग्राउंडवरचा.

"रँक म्हंजी रँक," कॅप्टन म्हणाले.

"माझा ल्योक सुभेदार झाला म्हून त्यो माझ्या डोक्यावर बसनार व्हय?" नाईक आजोबा कडाडले. "त्याला कडंवर घेऊन फिरलोय मी!"

"मग सुभेदार खाली लावायचा? पल्टनीत हसतील."

मामा कुणाचीच बाजू घेईनात. कारण त्यांचंही तेच दुखणं होतं. ते सुभेदार आणि त्यांचे वडील, म्हणजे आत्यांचे आबा, शिपाई म्हणून परत आलेले. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. मधल्या दारात उभ्या असलेल्या आत्यांना राहवलं नाही. "दादा, आबांच्या वर तुझं तोंड लावनार व्हय रं?" मामांनी मान खाली घातली. सुभेदार माणूस, पण बहिणीपुढं शिपाईच.

मी तोवर भिंतीकडं बघत होते. आमच्या त्या खोलीत सासऱ्यांच्या फौजेतल्या कंपनीचा एक जुना ग्रुप फोटो आहे. रोज समोर असतो म्हणून त्याच्याकडं लक्षच जात नाही. पुढं खुर्च्यांवर साहेब बसलेले, मागं जवान ओळीनं उभे. मागच्यांची डोकी पुढच्यांच्या वरच आहेत की! पण कुणाला वाटत नाही की शिपाई साहेबाच्या डोक्यावर बसला.

"सुटे फोटो लावायचेच नाहीत," मी म्हटलं. "अख्ख्या गावाचा एक ग्रुप फोटो करू. बाप, आजे पुढं खुर्च्यांवर. पोरं मागं उभी. मागच्या ओळीत मग हुद्दा धरा, सुभेदार मधे, बाकीचे बाजूला."

कॅप्टन म्हणाले, "खुर्चीवर सायब लोक बसत्यात."

मी विचारलं, "मग गावात साहेब कोण?"

नाईक आजोबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गावात बाप सायब." कॅप्टनांनाही पोरं आहेत. त्यांनी मान डोलावली.

मी इतकी खूश झाले की चहात साखर दोनदा घातली. ते निघून गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "बोललीस लय झ्याक. आता करून दाव. माझं माह्यार हाय ते. तिथं नाक कापलं गेलं तर पाडव्याची वाट बगनार न्हाई मी, सांगून ठिवते."

तर असं होतं. खोलीही पणाला आणि आत्यांचं नाकही.

फोटो यायला लागले. कुणाचा डिस्चार्ज बुकातला पिवळा पडलेला, कुणाचा लग्नातला, कुणाचा बर्फात उभं राहून काढलेला. आबांचा तर फक्त चेहरा होता, अंगठ्याच्या नखाएवढा. त्यांना खुर्चीवर बसवायचं तर धड कुठून आणायचं? मी मामांना म्हटलं, तुम्हीच बसा. मामा जुना कोट घालून खुर्चीवर बसले. आत्या समोर उभ्या राहून सांगत होत्या, "असं न्हाई रं. आबा गुडघ्यावर हात ठिवायचं. पाठ ताठ. आता डावा पाय थोडा म्होरं." मी फोटो काढला. आबांचा चेहरा, मामांचं धड. खांद्यांशी जोड इतका बेमालूम बसला की मला स्वतःलाच नवल वाटलं. शेवटी पोराचं अंग बापाचंच की.

पण हा फोटो फ्लेक्सवर जाईतो माझा कॉम्प्युटर बसला. एकेक माणूस वेगळा कापलेला, त्याची सावली वेगळी, खुर्ची वेगळी, आणि सगळे एकाच वेळी उघडे, कारण कुणाला कुठं सरकवावं लागेल सांगता येत नव्हतं. निम्मं गाव आत आल्यावर एक माणूस हलवला की पडदा थिजायचा. मग थोड्या वेळानं तो माणूस उडी मारल्यासारखा पुढं जायचा. शेवटी मेमरी पुरत नाही अशी पाटी आली आणि सगळं बंद पडलं.

आत्या म्हणाल्या, "आतली ती डिश्क का फिश्क, तिच्यात लय जागा हाय म्हनली हुतीस."

"जागा हाय आत्या. पण ती कोठी. धान्य कोठीत कितीबी ऱ्हाईल, पण निवडायला बसायला ओटा लागतोय. आपला ओटा ल्हान पडला."

"मग वाढीव."

तेच तर. मी साताऱ्याला फोन केला. तोच दुकानदार. "मॅडम, तुमचं मशीन मागच्या पिढीतलं, त्याची रॅम आता नाही. नवीन मशीनना वेगळी लागते. जुनीचा माल येईना, आणि जी आहे तिचे भाव विचारू नका." दिराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, मी काही बोलत नाही." याहून त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. नंतर वाढवू, असं म्हणताना मी एक धरून चालले होते की नंतरही बाजार आपल्यासाठी उघडा असेल. सळई सोडली खरी, पण तिच्या जाडीची सळई बाजारातूनच गेली तर? मी कराडला फोन केला, कोल्हापूरला केला. शेवटी सांगलीत एक दुकान लागलं. तिथला माणूस म्हणाला, एका आर्किटेक्टनं कालच नवीन मशीन घेतलं, त्याच्या जुन्यातून काढलेली सोळाची पट्टी पडून आहे, तुमच्याच जातीची. मी म्हटलं, "कुणाला देऊ नका. मी निघाले."

सकाळची गाडी धरून मी सांगलीला गेले. दुकानदारानं पट्टी स्वतःच्या कॉम्प्युटरला लावून चालवून दाखवली, मगच पुडीत बांधली. भाव सांगत नाही. पण परत येताना ती पुडी मी पर्समध्ये ठेवली नाही, हातात धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "सोनं घेतलं का?" मी म्हटलं, "हो."

घरी आले तर खोलीत मामा, कॅप्टन आणि नाईक आजोबा तिघंही बसलेले. काम कुठवर आलं बघायला आले होते. त्यांच्यासमोर बंद कॉम्प्युटर आणि दारात आत्या, तोंड दूध नासल्यासारखं. म्हटलं, बरंच झालं, होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर.

मी वायर काढली, डबा आडवा केला, झाकण उघडलं. अंगातली वीज जावी म्हणून लोखंडाला हात लावला. दुसरी पट्टी शेजारी लावत नाहीत, एक घर सोडून लावतात, हे मला माहीत होतं. खाच जुळवली, अंगठ्यानं दाबली. टक्. झाकण न लावताच बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. दिवे लागले. पडदा काळा.

आम्ही बघत राहिलो. पडदा काळाच.

"आता?" मामांनी विचारलं. माझ्या कानामागून घाम उतरला. पट्टी खराब निघाली? वाटेत बिघडली? सांगलीवाल्यानं तर चालवून दाखवली होती.

आत्या दारातूनच म्हणाल्या, "एकच वाजलं."

"काय?"

"टक् एकदाच वाजलं. दोनी कडंला खटकं हाईत न्हवं? डब्याचं म्या जनमभर लावलंय. एक खटका लागला न्हाई की कालवण सांडतंय पिशवीत."

फौजेतून आल्यावर सासरे कारखान्यावर लागले; त्यांचा आणि मग नवऱ्याचा जेवणाचा डबा आत्यांनी तीस वर्षं भरला. मी बंद केलं, वायर काढली आणि वाकून बघितलं. एका बाजूचा खटका खरंच केसभर उघडा होता. दाबला. टक्.

या वेळी पडदा उजळला. बत्तीस जीबी. मी ते मोठ्यानं वाचलं आणि नाईक आजोबांनी उगाचच टाळी वाजवली.

मग मी ते गाव उघडलं. अख्खं. एकही माणूस अडखळला नाही. कॅप्टन म्हणाले, ह्याला डावीकडं घ्या, घेतला. आजोबा म्हणाले, माझी खुर्ची चुलतभावाशेजारी ठेवा, ठेवली. लोक खुर्च्या उचलून मैदानात बसावेत तसे ते पडद्यावर बसत गेले. मी आयुष्यात इतकी वर्षं माउस धरला, पण असा हात कधी चालला नव्हता. शेवटी आबांना आणलं आणि पहिल्या ओळीत मधोमध बसवलं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. त्यांच्या मागं मामा, वर्दीत, छातीवर पदकं.

मामा पुढं सरकून बघत राहिले. आबा गेले तेव्हा ते सीमेवर होते, पोचू शकले नव्हते. दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. मग म्हणाले, "आबांच्या मागं उबा हाय मी. बराबर हाय. ह्योच माजा हुद्दा." आत्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढून टाकला, आणि आम्हा सगळ्यांना उद्देशून "च्या घ्या" म्हणाल्या. मलाही रडू आलं. पाडव्याआधी रडायचं नाही असं ठरलं नव्हतं. खोली गेली तर रडायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

सव्वीस जानेवारीला आम्ही दोघी झेंडावंदनाला गेलो. शाळेच्या भिंतीवर अख्खं गाव ओळीनं बसलं आणि उभं होतं. माणसं येत होती, आपला बाप शोधत होती, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. नाईक आजोबांनी त्या वर्षी चहा घेतला, दोन कप. मामांनी झेंड्याला सलाम केला आणि मग वळून भिंतीला. आत्या माहेरच्या बायकांना सांगत होत्या, "आमच्या सूनबाईनं क्येलंय. कामपुटर तिनं स्वता उघडला, माझ्यासमोर." खटक्याची गोष्ट त्यांनी चार ठिकाणी सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी खटका जरा जास्त मोठ्यानं वाजला.

त्यानंतर आसपासच्या गावांतून खुर्चीवाला फोटो मागायला लोक यायला लागले. गावाचा, मंडळाचा, भावकीचा. दिरानं फोनवर नुसतं "मान गये, वहिनी" म्हटलं. फौजी माणूस यापेक्षा जास्त हरत नाही.

पाडवा तोंडावर आला तसा मोबाइलवाला पेढे घेऊन हजर. आत्यांनी आधी पेढा खाल्ला. मग म्हणाल्या, "खोली मिळायची न्हाई."

"आवं मावशी, तुमीच म्हनला हुता की पाडव्याला."

"म्हनले हुते. आता न्हाई."

तो हिरमुसला. मग त्याला काय सुचलं, अंगणात जाऊन त्यानं गच्चीकडं बघितलं. "बरं मग, वरचा मजला चढवशीला तवा वरची तरी द्या. सळया तर सोडल्यात तुमी."

आत्याही बाहेर आल्या. त्यांनी वर बघितलं, चारी कोपऱ्यांत उभ्या असलेल्या सळयांकडं, चांगला वेळ.

"वरची बी न्हाई," त्या म्हणाल्या. "ती सूनबाईला लागंल."

मी आत काम करत होते. माउस तसाच हातात राहिला. टेबलाखाली माझा डबा घुं-घुं करत होता, आणि त्यातले दोन स्लॉट अजून मोकळे होते.